सीआरपी वाढलं म्हणजे ब्लॉकेज नव्हे

सांगलीत मी पॅथॉलॉजी लॅब चालवते. 'फुल बॉडी चेकअप'च्या रिपोर्टवर सीआरपीचा आकडा ठळक छापलेला दिसला, की माणसं विचारतात, "मॅडम, ब्लॉकेज आहे का हो?" हा आकडा हृदयाच्या धमनीतलं ब्लॉकेज दाखवतच नाही.

सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होतं आणि शरीरात कुठेही दाह असला की वाढतं. दाढ सुजली तरीही. धूर दिसतो, आग कुठल्या खोलीत ते कळत नाही. म्हणून आकडा लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर आला, तर संसर्ग बरा झाल्यावर पुन्हा तपासावं. हृदयासाठी 'हाय सेन्सिटिव्हिटी' चाचणीच हवी. तिच्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या खाली जोखीम कमी, ३ च्या वर जास्त.

तरी तिला मोडीत काढू नका. २०१७ च्या 'कॅन्टॉस' या औषध-अभ्यासात कोलेस्टेरॉल न घटवता, नुसता दाह कमी करणाऱ्या औषधाने हृदयविकाराचे झटके घटले. मात्र जीवघेणे संसर्ग वाढले.

साध्या सीबीसी रक्ततपासणीतलं न्यूट्रोफिल-लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचं गुणोत्तरही असाच दाहाचा इशारा देतं. ते जास्त असलेल्यांत अँजिओप्लास्टीने धमनी उघडूनही हृदयाच्या स्नायूला रक्त नीट न पोचण्याचा धोका अधिक आढळतो. पण हा रुग्णांच्या गटाचा कल झाला. एका माणसाचं भविष्य त्यातून वाचता येत नाही.

म्हणून पॅकेजांत सीआरपी सरसकट कोंबणं आम्ही लॅबवाल्यांनी थांबवावं. डॉक्टरांनी वय, रक्तदाब, साखर, तंबाखू बघून ही चाचणी सांगितली, तर जरूर करा. आणि छातीत दुखत असेल तर लॅबमध्ये येऊच नका. जिथे ईसीजी निघतो, तो दवाखाना गाठा.