मांडलिक म्हणजे बाहुले नव्हे

मांडलिक राजा नावापुरताच धनी, खरी सत्ता वरच्याची, असे सर्रास म्हटले जाते. हा समज चुकीचा आहे, आणि तो खोडून काढायला वणी तालुक्यातल्या राजूरची जमीन पुरेशी आहे.

राजूर कॉलरीचा कोळसा आणि तिथल्या भट्ट्यांचा चुना सगळ्यांच्या ओळखीचा. पण या जमिनीवर अंमल कोणाचा होता, याचे उत्तर एका नावात देता येत नाही. राजूर ज्यात येते त्या वऱ्हाडात अठराव्या शतकात हैदराबादचा निजाम आणि नागपूरकर भोसले यांची दुअमली होती. महसुलात दोघांचाही वाटा. डिसेंबर 1803 मधल्या देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजी भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला आणि तो निजामाकडे गेला. 1853 मध्ये इंग्रजांच्या हाताखालच्या हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी आणि थकलेल्या देण्यापोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. 1902 मध्ये तो कायमच्या पट्ट्याने गेला, तरी त्याबद्दल निजामाला वर्षाला 25 लाख रुपये मिळणार होते. कारभार एकाचा, मालकी दुसऱ्याची!

आक्षेप घेणारे 1926 चे पत्र पुढे करतात. निजामाने वऱ्हाड परत मागितला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी ब्रिटिश सत्ता हिंदुस्थानात सर्वोच्च आहे, असे स्पष्ट बजावले. बळ इंग्रजांचे होते, हे मान्यच.

मग दहाच वर्षांनी इंग्रजांना करार का करावा लागला? 1935 च्या कायद्याने मध्यप्रांत आणि वऱ्हाड एकत्र चालवायचे होते, संस्थानांना संघराज्यात आणायचे होते, आणि त्यासाठी निजामाची संमती हवी होती. म्हणून 1936 मध्ये वऱ्हाडावरचे त्याचे सार्वभौमत्व मान्य झाले आणि युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ (बेरार म्हणजे वऱ्हाड) हा किताब मिळाला. ज्याची संमती घ्यावी लागते, त्याला बाहुले म्हणता येत नाही.

जिंकणाऱ्यालाही खालच्याचे नाव लागते. पहिल्या रघूजींनी देवगडचा कारभार हाती घेतला, पण गोंड राजा बुऱ्हाणशाहाची पदवी राखली आणि तनखा देऊन त्याला नागपुरात ठेवले.

मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया संस्कृतीच्या राज्यांतही हेच दिसते. कलाकमुलचे राजे जिंकलेली राज्ये खालसा करण्यापेक्षा तिथल्या राजांना आपल्या छत्राखाली आणत. क्विरिग्वाचा राजा 725 मध्ये कोपानच्या राजाच्या आधिपत्याखाली गादीवर बसला. 738 मध्ये त्यानेच कोपानच्या राजाला पकडून ठार मारले. कलाकमुलचा त्यामागे हात असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

म्हणून वऱ्हाडाचा जुना नकाशा एकाच रंगात रंगवणे थांबले पाहिजे. राजूरचा महसूल कोण घेत होता, फौज कोणाची होती, मालकी कोणाच्या नावावर होती, हे तीन प्रश्न प्रत्येक सालासाठी वेगळे विचारले, तर 1803, 1853 आणि 1936 मध्ये उत्तरे वेगवेगळी येतात. शाळेतल्या इतिहासात ती तिन्ही यायला हवीत.