पेण, इस्लामाबाद आणि अर्धा तास

शेजारी देशांच्या घड्याळांतील अंतर सूर्यच ठरवितो, असा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास ४ मिनिटे लागतात, म्हणून पश्चिमेकडील देशाचे घड्याळ मागे असणारच, असे त्याचे समर्थन केले जाते. हे गणित निर्दोष आहे. इतिहास मात्र त्याप्रमाणे घडलेला नाही.

रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा ७३ अंश पूर्व रेखांशाच्या किंचित पूर्वेस आहेत आणि पाकिस्तानची राजधानी इस्लामाबादही जवळजवळ त्याच रेखांशावर आहे. त्यामुळे मध्याह्न, म्हणजे सूर्य दक्षिणोत्तर रेषा ओलांडतो तो क्षण, तिन्ही ठिकाणी बहुतेक एकदमच येतो; तरीही त्या क्षणी पेणच्या घड्याळात सरासरीने १२ वाजून ३७ मिनिटे, तर इस्लामाबादच्या घड्याळात १२ वाजून ७ मिनिटे झालेली असतात. लाहोर तर पेणच्या सव्वा अंश पूर्वेस आहे, तेथे मध्याह्न ५ मिनिटे आधी होतो, आणि तरीही तेथील घड्याळ अर्धा तास मागे चालते. हे अंतर सूर्याचे नव्हे, राज्यकर्त्यांच्या निर्णयाचे आहे. फाळणीनंतर चार वर्षे पश्चिम पाकिस्तानात भारताचीच वेळ चालू होती. ऑक्टोबर १९५१ मध्ये ती बदलली. नेपाळने १९८६ मध्ये भारताहून १५ मिनिटे पुढची वेळ स्वीकारली, तर श्रीलंकेने वीजटंचाईमुळे १९९६ मध्ये पुढे केलेली घड्याळे २००६ मध्ये पुन्हा भारताच्या वेळेवर आणली.

यावरून प्रमाणवेळ, म्हणजे एका रेखांशाची वेळ साऱ्या प्रदेशास लागू करण्याची व्यवस्था, निव्वळ मनमानी ठरते, हा दुसरा निष्कर्षही स्वीकारण्याजोगा नाही. १ जानेवारी १९०६ रोजी साडेब्याऐंशी अंशांची भारतीय वेळ लागू झाली, तेव्हा मुंबईने तिला कडवा विरोध केला आणि ३९ मिनिटे मागची आपली वेळ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे जपली. त्या विरोधामागील स्वाभिमान खरा होता, आणि पेण-रोह्याचा सूर्यही आजच्या घड्याळाच्या दीड घटकेहून अधिक मागे आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु रोह्याला मध्य रेल्वेची हद्द संपून कोकण रेल्वे सुरू होते आणि तेथे प्रशासन बदलले तरी घड्याळ बदलावे लागत नाही. वाघा-अटारीला मात्र काही पावलांत अर्धा तास सरकतो. दूरदूरच्या माणसांचे व्यवहार एका वेळेने बांधता येणे, हेच प्रमाणवेळेचे खरे समर्थन आहे आणि त्यासाठी सूर्याची साक्ष काढण्याची गरज नाही. उन्हाशी मेळ घालायचा असेल, तर पेणच्या शाळेची घंटा किंवा रोह्याजवळील धाटावच्या कारखान्यांतील पाळी, घड्याळाला हात न लावता, अर्धा तास पुढे-मागे करता येते.