सीमेचा देव आणि सीमा नसलेला धम्म



ज्या कुटुंबांनी नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे, त्यांना एक प्रश्न हटकून विचारला जातो : ‘गावचा देव सोडलात, मग गाव तुमचे कसे राहिले?’ विचारणारा कधी रागाने विचारतो, कधी मायेपोटीही विचारतो. घरातील वृद्ध माउलीच्या मनात तर हाच प्रश्न भयाचे रूप घेऊन बसलेला असतो. ज्याच्या शिवेत आपण राहतो त्या देवाकडे पाठ फिरवली, तर तो घरादारावर कोपेल, असे तिला वाटते. या भयाची थट्टा करू नये. ते पिढ्यानपिढ्या मनावर बिंबवले गेले आहे. ते समजून घेऊनच काढावे लागेल.

मी पेशाने वकील आहे. दावा पुढे आला की प्रथम त्यातील गृहीत गोष्ट तपासावी, ही आमच्या व्यवसायाची शिकवण. वरील प्रश्नात असे गृहीत धरले आहे की, जमीन आणि तिचा देव यांचे नाते निसर्गसिद्ध व अढळ आहे. हे खरे आहे काय? याचा निवाडा आपल्याच गावच्या पारावर होणे कठीण. कारण तेथे प्रत्येकाचा हितसंबंध गुंतलेला आहे. यास्तव मी आपणांस अशा देशात नेऊ इच्छितो, की जेथे प्रत्येक प्रांताला स्वतःचा देव होता, जेथील देवळे केव्हाच ओस पडली आहेत, आणि ज्यांचे दप्तर मात्र दगडांवर व पपायरसच्या गुंडाळ्यांवर शाबूत आहे. तो देश म्हणजे प्राचीन इजिप्त.

नाईलच्या काठी वसलेल्या त्या राज्याचे परंपरेने ४२ प्रांत मानले जात. दक्षिणेकडील वरच्या इजिप्तमध्ये २२ आणि उत्तरेकडील खालच्या इजिप्तमध्ये २०. काळाप्रमाणे ही संख्या कमीजास्त होत गेली. तेथील लोक प्रांताला ‘सेपात’ म्हणत. ग्रीकांनी पुढे ‘नोम’ हे नाव रूढ केले. ‘सेपात’ लिहिण्याचे चित्राक्षर पाहिले, तर त्यात पाटांनी तुकडे पाडलेली जमीन दिसते. म्हणजे प्रांताची मूळ कल्पना पाणी, शेत आणि सारा यांची होती.

अशा प्रत्येक प्रांताच्या मुख्य गावी एकेक देव प्रतिष्ठित होता. आसवानजवळच्या एलिफंटाइन बेटावर एडक्याच्या मस्तकाचा ख्नूम, एडफूला ससाण्याच्या रूपातील होरस, कॉप्टॉसला मिन, डेंडेऱ्याला हाथोर, अस्यूतला वेपवावेत, हर्मोपोलिसला लेखनविद्येचा देव थोथ, मेम्फिसला प्ताह, साइसला नेथ, बुबास्तिसला बास्तेत. इ.स.पू. १९५० च्या सुमारास सेनुस्रेत पहिला या राजाने कर्नाक येथे शुभ्र चुनखडीचा एक मंडप बांधला. त्याच्या पायथ्याशी प्रांतांची यादी कोरलेली आहे : प्रांताचे नाव, त्याचा देव आणि मोजमापे. देवाचे नाव मोजणीच्या नोंदीत आले, याचा अर्थ नीट ध्यानात घ्या.

हे सर्व देव राजांनी निर्माण केले, असे मी म्हणत नाही. त्यांतील कित्येक राज्यसंस्थेहूनही जुने होते. महापूर, दुष्काळ, मरण यांना भ्यालेल्या माणसांनी त्यांचा आधार शोधला होता. परंतु राज्य उभे राहिले, तेव्हा राज्याने या आधाराला कारभारात जुंपले. प्रांताचा अधिपती हाच पुष्कळदा तेथील देवाच्या पुजाऱ्यांचाही प्रमुख असे. सारा वसूल करणारा हात आणि नैवेद्य दाखवणारा हात एकाच देहाचे झाले.

याचा उत्तम पुरावा अस्यूतला सापडतो. सेनुस्रेत पहिला याच्याच काळातील तेथील प्रांताधिपती जेफाइहापी याने पुजाऱ्यांशी केलेले दहा करार आपल्या थडग्यात कोरून ठेवले आहेत. आपल्या मृत्यूनंतर ठरावीक सणांना आपल्या पुतळ्यापुढे भाकरी व मद्य ठेवावे, दिवे लावावेत, हा त्या करारांचा हेतू. मोबदला म्हणून तो देवळाच्या उत्पन्नातील आपले ‘दिवस’ पुजाऱ्यांना देतो. आणि ‘देवळाचा एक दिवस’ म्हणजे वर्षाचा ३६० वा भाग, अशी व्याख्याही करून ठेवतो. वडिलांच्या घराण्याची मालमत्ता कोणती आणि अधिकारपदाची कोणती, हा भेदही तो काटेकोरपणे पाळतो. मसुदा इतका चोख की आजच्या वकिलानेही त्याला दाद द्यावी. परंतु त्याच करारांत असेही येते, की अस्यूतचा शेतकरी आपल्या शेतातील पहिल्या पिकाचा भाग देवळाला देत असे. पीक काढणारा मात्र त्या ‘दिवसां’च्या वाटेकऱ्यांत कोठेही नाही.

आता देवांच्या बढतीचा इतिहास पाहा. थीब्ज हे आरंभी लहानसे प्रांतिक गाव. तेथील जुना देव मोंटू. इ.स.पू. २०५० च्या सुमारास थीब्जच्या मेंतुहोतेप दुसरा याने दुभंगलेला देश पुन्हा एक केला, आणि थीब्जचे भाग्य उजळले. पुढच्या काळात मोंटू मागे पडून त्याच गावचा आमून पुढे आला. इ.स.पू. १५५० च्या सुमारास थीब्जच्याच आहमोस राजाने परकी हिक्सोसांना हुसकावून लावले. तेव्हा सूर्यदेव रे याच्याशी एकरूप मानलेला आमून साऱ्या साम्राज्याचा देव झाला. थीब्जचा राजा हरला असता, तर आमूनचे नाव आज कितीजणांना ठाऊक असते? राजा जिंकला की त्याच्या गावचा देव चढतो. राजधानी हलली की देव उतरतो. याला अढळ नाते कसे म्हणावे?

आणि ही बढती केवळ मानाची नव्हती. रामसेस तिसरा याच्या देणग्यांची नोंद असलेली, ४० मीटरांहून लांब अशी पपायरसची गुंडाळी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. इ.स.पू. ११५० च्या आसपासच्या त्या दप्तरात थीब्जच्या देवस्थानाकडे ८६ हजारांहून अधिक माणसे, ४ लाखांहून अधिक जनावरे आणि ६५ गावे दाखवलेली आहेत. माणसे आणि जनावरे एकाच हिशेबात! ज्यांच्या पूर्वजांना गावगाड्यात वतनाच्या नावाखाली वेठीला बांधले गेले, त्यांना या नोंदीचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

त्याच युगातील एका पपायरसवर आमूनची एक प्रार्थना लिहिलेली आहे. न्यायालयात एकटा पडलेला एक गरीब मनुष्य, प्रतिपक्ष धनवान, कारकुनांना सोने-चांदी चारल्याखेरीज दाद लागत नाही. अशा वेळी आमूननेच गरिबाचा वजीर होऊन निवाडा करावा, अशी ती याचना आहे. ही प्रार्थना करणाऱ्याला मी हसणार नाही. त्याच्या हाती दुसरे काय होते? परंतु ज्या देवाच्या दारी तो न्याय मागत होता, त्याच देवाच्या खतावणीत हजारो गरीब मालमत्ता म्हणून चढलेले होते. आपले दुःख खरे होते, म्हणून दार बरोबर होते असे ठरत नाही.

प्रांतदेवांनी आणखी एक कार्य साधले : माणसाला माणसापासून तोडले. रोमन अमदानीतील ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो, की ऑक्सिरिंकसचे लोक एका जातीचा मासा पवित्र मानत आणि शेजारच्या सायनोपोलिसचे लोक कुत्रा पवित्र मानत. एकांनी तो मासा खाल्ला. दुसऱ्यांनी कुत्रे पकडून बळी दिले व खाल्ले. लढाई जुंपली, दोघांचीही हानी झाली, आणि अखेरीस रोमनांनी दोघांनाही शिक्षा केली. प्लुटार्कने येथेच एक लोकसमजही नोंदवला आहे. प्रजा एक झाली तर आवरणार नाही, हे ओळखून एका धूर्त राजाने म्हणे निरनिराळ्या लोकांना निरनिराळे प्राणी पूजायला लावले. म्हणजे ते आपसात झगडत राहतील आणि राजाविरुद्ध एक होणार नाहीत! हा ऐकीव पुरावा आहे. तो जशाचा तसा मान्य करता येणार नाही. परंतु भांडण लावणारा राजा खरा असो वा नसो, भांडणाचा लाभ कोणाला झाला हे उघड आहे. परमपूज्य डॉ. बाबासाहेबांनी ज्या श्रेणीबद्ध विषमतेचे विश्लेषण केले, तिच्यातही खालचे खालच्यांशीच झगडत राहतात, हे आपण विसरू नये.

येथे कोणी विचारील : मग राजाज्ञेनेच सारे देव बंद करावेत काय? तोही प्रयोग इजिप्तने पाहिला. इ.स.पू. १३५० च्या सुमारास आखेनातेन राजाने आमूनचे नाव जागोजाग खोडले, कोणत्याही देवाच्या मालकीची नसलेली भूमी निवडून नवी राजधानी वसवली आणि आतेन या एकाच सूर्यबिंबाची उपासना चालवली. तो गेला, आणि तुतनखामूनच्या अमदानीत जुने देव पुन्हा देवळांत आले. का? राजा बदलला होता, रयतेचे मन बदलले नव्हते; आणि नव्या देवाकडे जाण्याची वाटही राजाच्याच हातात होती. याच्याशी १४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा दिवस ताडून पाहा. तेथे कोणत्याही सरकारची आज्ञा नव्हती. लाखो माणसांनी स्वतःच्या मुखाने बावीस प्रतिज्ञा उच्चारल्या. जे परिवर्तन आज्ञेने होते, ते आज्ञेबरोबर जाते. जे विवेकाने होते, ते विवेक जागा असेपर्यंत टिकते.

आता माउलीच्या भयाकडे वळू. नाईलचा पूर ख्नूमच्या हाती आहे, अशी इजिप्तमध्ये श्रद्धा होती. तो रुष्ट झाला तर पूर येणार नाही आणि देश उपाशी मरेल. इसवी सनाच्या चौथ्या शतकात रोमन सम्राट थिओडोसिअसने देवळांवर बंदी घातली. सहाव्या शतकात फिले बेटावरील शेवटचे मोठे देवस्थानही बंद झाले. ख्नूमपुढे नैवेद्य ठेवणारा कोणी उरला नाही. पूर थांबला काय? तो पुढे चौदाशे वर्षे येतच राहिला. अखेर तो अडला, तो १९७० साली पूर्ण झालेल्या आसवानच्या मोठ्या धरणामुळे; म्हणजे माणसाच्या बुद्धीने आणि श्रमाने. देव गेले, प्रांत गेले. शेतकरी तेथेच राहिला. भूमी देवाची नव्हती. ती कसणाऱ्याची होती.

तद्वत् आपलेही गाव आपलेच आहे. महार वतनाची बेडी तोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली. वतन गेले म्हणून गाव गेले नाही. मग देव सोडला म्हणून ते कसे जाईल?

आणखी एक गोष्ट सांगून मी आवरते घेतो. सम्राट अशोकाने आपल्या तेराव्या शिलालेखात धम्मविजय जेथवर पोहोचला असे म्हटले आहे, त्या राजांत ‘तुरमाय’ हे नाव येते. हा इजिप्तचा राजा टॉलेमी दुसरा. त्याच टॉलेमीने तांबड्या समुद्राच्या काठी बेरेनिके नावाचे बंदर वसवले. पुढे भारताशी चालणाऱ्या व्यापाराचे ते मोठे केंद्र झाले. तेथील उत्खननात भगवान बुद्धांची सुमारे ७१ सेंटिमीटर उंचीची संगमरवरी मूर्ती सापडल्याचे २०२३ साली जाहीर झाले. वाचून ऊर भरून येतो! परंतु ती सापडली इसिस देवीच्या देवळाच्या आवारात. तथागत तेथे पोहोचले खरे. पण ज्यांना त्यांचा धम्म ठाऊक नव्हता, त्यांच्या लेखी ते दुसऱ्या देवतेच्या अंगणातील आणखी एक परकी देव ठरले असतील, तर नवल नाही.

नवदीक्षित कुटुंबांनो, माझे सारे सांगणे येथे येऊन थांबते. आपल्या घरातील फळीवर जुन्या देवांच्या रांगेत बुद्धमूर्ती ठेवलीत, नवस बोललात, अंगारा मागितलात, तर आपण देव बदलला. धम्म स्वीकारला नाही. बुद्ध कोणत्याही शिवेचा रखवालदार नाही. तो कोपत नाही, म्हणून त्याला शांतवावे लागत नाही. तो पंचशील सांगतो. ते अस्यूतलाही तेच, आणि आपल्या गावीही तेच.

व्यवहारात काय करावे? गावच्या विहिरीसाठी, रस्त्यासाठी, शाळेसाठी वर्गणी मागितली, तर इतरांच्या आधी द्या. देवाच्या जत्रेसाठी मागितली, तर नम्रतेने, पण स्पष्ट शब्दांत नकार द्या. संविधानाच्या अनुच्छेद २५ ने सद्सद्विवेकाचे स्वातंत्र्य आपणांस दिले आहे. नकार दिला म्हणून कोणी वाळीत टाकू पाहील, तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे. बौद्ध झाल्याने अनुसूचित जातीचे हक्क जातील, अशी धास्ती कोणी घातली, तर त्याला सांगा, की १९५० च्या आदेशात १९९० साली दुरुस्ती होऊन बौद्धांचा त्यात समावेश झालेला आहे. त्या गरिबाला न्यायासाठी आमूनला वजीर करावे लागले. आपणांस तशी गरज नाही.

आणि घरातील माउलीला रागावू नका. तिच्याजवळ बसून तिला ख्नूमची आणि नाईलच्या पुराची गोष्ट सांगा.

जय भीम! नमो बुद्धाय!