कामांची यादी कंपनीच्या कुलपात

कार्यालयातल्या संगणकावर आउटलुकमध्ये आलेले बैठकीचे निमंत्रण एकाने आयफोनवर स्वीकारले आणि दुसऱ्याने अँड्रॉइडवर, तरी बैठक दोघांच्याही कॅलेंडरमध्ये त्याच दिवशी, त्याच वेळेला दिसते. मायक्रोसॉफ्ट, ॲपल आणि गुगल एकमेकींच्या कट्टर स्पर्धक. पण तारखेच्या बाबतीत त्यांचे जमते. हा त्यांचा दिलदारपणा नव्हे. तारखा लिहायच्या कशा, याचा ‘आयकॅलेंडर’ हा खुला नमुना १९९८ सालीच ठरला, आणि त्या तारखा फोन व संगणकात सतत जुळत्या ठेवण्याची ‘कॅलडॅव्ह’ ही पद्धत २००७ मध्ये आली. गंमत अशी की, त्या १९९८च्या नमुन्यात कामांच्या यादीचीही सोय आहे: कामाचे नाव, मुदत, अग्रक्रम, इतकेच काय, काम किती टक्के झाले तेसुद्धा. म्हणजे अडचण तंत्राची नाही. तरीही गुगल टास्क्स कॅलडॅव्हला दाद देत नाही, मायक्रोसॉफ्ट टू डूचा कारभार वेगळा, आणि ॲपलच्या रिमाइंडर्सने २०१९ मध्ये आयक्लाउडवरच्या याद्यांसाठी ही वाट सोडली. गुगलने टास्क्ससाठी बाहेरच्या ॲपना जे दार ठेवले आहे, त्यातून मुदतीची तारीख जाते, वेळ जात नाही. ‘दुपारी ४ च्या आत चेक भरणे’ या नोंदीतले ४ वाजणे उंबऱ्यावरच गळून पडते.

कॅलेंडर उघडे आणि यादी बंद, असे का? माझ्या मते उत्तर सरळ आहे. बैठकीला दुसरा माणूस लागतो, त्यामुळे कंपन्यांना एकमेकींशी बोलावेच लागते. यादी एकट्याची असते. ती अडवली तर बोंब मारणारा एकटाच असतो. आणि वर्षानुवर्षांची यादी जिथे साठते, तिथून गिऱ्हाईक सहसा हलत नाही. बर्लिनचे ‘वंडरलिस्ट’ हे कामांच्या यादीचे ॲप मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विकत घेतले आणि मे २०२० मध्ये बंद केले. चाहते भरपूर होते, तरी सगळ्यांना बिऱ्हाड हलवावे लागले.

मग सगळे एकाच कंपनीचे वापरा, असा सल्ला मिळतो. तो देणारा बहुधा स्वतःच्या मर्जीने संगणक निवडणारा असतो. नोकरदाराच्या टेबलावर काय असावे हे कार्यालय ठरवते, खिशात काय असावे हे पगार. कालनिर्णयच्या पाठीमागे दुधाचा हिशेब मांडणाऱ्याला यातले काहीच नडत नाही, हे खरे; पण ज्याची कामे दिवसभर मेलवर येतात त्याला कागद पुरत नाही. समान नमुन्यामुळे नव्या सोयी खुंटतात, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. ठिकाणावर पोहोचताच आठवण देणे १९९८ मध्ये कुणाच्या डोक्यात असणार? मात्र या नमुन्यात स्वतःचे जादा रकाने घालायला मुभा आहे. ज्या ॲपला ते कळत नाहीत त्याने ते सोडून द्यायचे. जादा सोय तिथेच राहील, पण मूळ काम आणि मुदत तरी पलीकडे पोहोचेल.

कंपन्यांना एकमेकींशी जुळवून घ्यायला लावणे आपल्याकडे नवे नाही. २०११ पासून नंबर तोच ठेवून मोबाइल कंपनी बदलता येते, आणि यूपीआयमुळे एका ॲपवरून दुसऱ्या ॲपवाल्याला पैसे जातात. उलट, आपली माहिती दुसरीकडे नेण्याचा हक्क २०१९ च्या विदासंरक्षण विधेयकात होता, तो २०२३ च्या कायद्यातून वगळला गेला. युरोपात तो २०१८ पासून लागू आहे. तो परत यायलाच हवा, पण तेवढ्याने भागणार नाही. एकदा उतरवून घेतलेली यादी तासाभरात शिळी होते. रोजच्या जुळणीसाठी रेटा लागतो, आणि तो चालतो. मार्च २०१३ मध्ये गुगलने कॅलडॅव्ह निवडक मंडळींपुरते ठेवायचे जाहीर केले होते. विरोध होताच जूनमध्ये निर्णय फिरवला. एकट्या ग्राहकाचा आवाज तिथवर जाणार नाही. पण सरकारी खाती, बँका, विद्यापीठे ही सॉफ्टवेअरची मोठी गिऱ्हाइके आहेत. याद्यासुद्धा खुल्या नमुन्यात जुळल्या पाहिजेत, ही अट त्यांनी पुढच्या निविदेत घालावी.