मिरचीला जाताना लेकरू शाळेत राहू द्या

धानाची मळणी आटोपली की नागभीड, सिंदेवाही, मूल, सावलीकडची माणसं तेलंगणात मिरची तोडायला निघतात. त्याला नावं ठेवणाऱ्यांपैकी मी नाही. कोरडवाहू धानावर वर्ष निघत नाही, हे इथल्या कुणाला सांगायला नको. माझं म्हणणं फक्त सोबत निघालेल्या लेकराबद्दल आहे.

उन्हाळ्याच्या तोंडावर घरी परतेपर्यंत त्याचं निम्मं सत्र बुडालेलं असतं. दोन-तीन वर्षं असंच झालं, की वर्गात बसायची त्यालाच लाज वाटते, आणि मग एक दिवस तोही तोडणीच्या मजुरांत मोजला जातो. देशाच्या विकासाची भाषणं आपण दर 26 जानेवारीला ऐकतो. नेमकी त्याच दिवसांत आपल्या गावातली मुलं मिरचीच्या वावरात असतात.

शिकून काय होतं, असं विचारणाऱ्यानं धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा पाहावं. गोंड आदिवासींचं हे लहानसं गाव. तिथं लोकांनी अभ्यासगट केला, कायदा वाचला, ग्रामसभेत त्यावर चर्चा केली. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये त्यांना सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पुढं 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तकही ग्रामसभेच्या हाती आलं. कागद वाचता आला म्हणून बांबूचा पैसा गावात राहिला. त्यात पदवी घेतलेले किती होते, हा प्रश्न गौण आहे. कळत नसेल तिथं अडून विचारायची सवय त्यांनी लावून घेतली होती. शाळेनं मुलाला एवढं दिलं तरी पुष्कळ.

म्हणून सांगतो, जमत असेल तर लेकराला आजी-आजोबांकडे ठेवून जा. मराठवाड्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालतात. तशी सोय आपल्याकडे मागा. ही मागणी शाळा व्यवस्थापन समितीनं उचलायची असते. या समितीत पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात, हा 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचा नियम आहे. पुष्कळ ठिकाणी समितीचं रजिस्टर सह्यांपुरतंच उघडतं. त्याला मास्तरांइतकेच आपणही जबाबदार आहोत.

मुलाला सोबत न्यावंच लागलं, तर मुकादमाशी उचल ठरवतानाच मुक्कामाजवळ शाळा आहे का ते विचारा. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला, सत्र सुरू झालेलं असलं तरी, शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. दाखला नाही म्हणूनही परत पाठवता येत नाही. तेलगूची अडचण येईल, हे खरं. तरी दिवसभर वावरात राहण्यापेक्षा ते बरं. परत आल्यावर त्याला वयाप्रमाणे वर्गात बसवून मागे पडलेला अभ्यास भरून काढणं, हेही शाळेवर बंधनकारक आहे.

यंदा मळणी सुरू होण्याआधीच समितीची बैठक बोलवा. किती घरं जाणार, किती मुलं मागे राहणार, त्यांची नावं त्याच बैठकीत लिहून घ्या.