माल त्याचा, मापही त्याचेच?

मोंढ्यात माल तोलतो तो मापाडी. विकणाराही नाही आणि घेणाराही नाही. म्हणूनच त्या वजनावर दोघांचा विश्वास बसतो. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून हा साधा न्याय बाजूला सारला. सरकारी कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा, हे सरकारचाच तथ्य तपासणी कक्ष ठरविणार होता. तसा शिक्का बसलेला मजकूर ठेवणाऱ्या फेसबुक, यूट्यूबसारख्या कंपन्यांचे कायदेशीर संरक्षण धोक्यात येणार होते. परक्याच्या चार ओळींसाठी कोणती कंपनी खटला अंगावर घेईल? ती मुकाट्याने मजकूर काढून मोकळी होणार.

विनोदी कलाकार कुणाल कामरा व इतरांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्या मतानंतर ही दुरुस्ती रद्द ठरली.

किनवटच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी हे प्रकरण मुंबईचे म्हणून सोडून देऊ नये. रखडलेले अनुदान, जीएसटीतील अडचण, उखडलेला रस्ता यांची तक्रार आज मोबाईलवरूनच होते.

अफवा घातक असतात, हे आम्हांस मान्य आहे. २०१८ साली धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणाऱ्या टोळीच्या अफवेतून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. अशांसाठी पोलीस व न्यायालये आहेत. आपणही खात्री केल्याशिवाय मजकूर पुढे पाठवू नये. परंतु सरकारवरील टीकेचे माप सरकारनेच करावे, हे आम्हांस मान्य नाही. तराजू न्यायालयाच्याच हाती राहिला पाहिजे.