अडगळीतला प्रिंटर

शिरूर किंवा दौंड तालुक्यातील एखादी शाळा डोळ्यांसमोर आणा. सहामाही परीक्षा तोंडावर आली आहे. कार्यालयात नवा संगणक आहे; पण जुना प्रिंटर त्याच्याशी जुळत नाही. प्रिंटर धडधाकट आहे. मात्र संगणक आणि प्रिंटर यांच्यातील दुभाष्या, म्हणजे ‘ड्रायव्हर’, नव्या प्रणालीसाठी देणे कंपनीने थांबवले आहे. मग तो प्रिंटर अडगळीत जातो आणि शाळेच्या पैशांतून दुसरा येतो. हे मला पटत नाही.

१९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांनाही अशीच ठेच लागली. जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला, की छपाई खोळंबलेल्यांना संगणकावर निरोप जाई, अशी सोय तेथे केलेली होती. पुढे झेरॉक्सचा नवा लेसर प्रिंटर आला. पण त्याची मूळ आज्ञावली मागूनही मिळेना. त्यामुळे ती सोय करता येईना. आज्ञावली सर्वांना वाचता आणि सुधारता यावी, म्हणून स्टॉलमन यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. १९९१ साली लिनक्स आले. लिनक्सवर छपाईचे काम बहुधा ‘कप्स’ ही खुली आज्ञावली पाहते.

तिचे काम समजायला अवघड नाही. दौंड जंक्शनवर एका फलाटावर एका वेळी एकच गाडी घेतात. मागची गाडी सिग्नलपाशी थांबते. कप्सही प्रत्येक कामाला क्रमांक देऊन रांगेत उभे करते. मग पानाचे रूपांतर प्रिंटरला कळणाऱ्या भाषेत होते आणि ते तारेतून किंवा वायफायवरून यंत्राकडे रवाना होते. ब्राउझरमध्ये इंग्रजी अक्षरांत ‘लोकलहोस्ट:६३१’ हा पत्ता लिहा. ही रांग तुम्हाला दिसेल.

आता एक प्रयोग करा. ‘ज्ञान’, ‘कोऱ्या’, ‘दौंड’ हे शब्द छापा. जोडाक्षरे तुटली, तर आधी पडदा पाहा. तेथेही ती तुटलेली असतील, तर प्रिंटरला दोष देऊ नका, फॉन्ट तपासा. पडद्यावर ठीक असतील, तर दोष पुढच्या टप्प्यात शोधा. शास्त्रज्ञही असाच एकेक शक्यता बाजूला सारत जातो.

सगळेच प्रिंटर लिनक्सवर चालतात असे नाही. काहींना कंपनीचीच बंद आज्ञावली लागते. म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे, की नवा प्रिंटर घेण्यापूर्वी ‘हा लिनक्सवर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालेल का?’ एवढे दुकानदाराला जरूर विचारा. आणि जुना टाकून देण्याआधी तो एक दिवस नववीच्या मुलांच्या हाती द्या. मुले यंत्र बिघडवतील, ही भीती वाटणे साहजिक आहे. पण जे यंत्र टाकूनच द्यायचे आहे, ते आणखी काय बिघडणार? ते चालू झाले तर शाळेचे पैसे वाचतील. नाही झाले तरी का झाले नाही, हे मुलांना कळेल.